कुलाब्याच्या वहीतले वादळ

मुंबईच्या सरकारी वेधशाळेने 1859 साली घेतलेल्या वेधांचा छापील खंड म्हणजे पानोपानी नुसते आकडे. त्यात गोष्ट नाही, वर्णन नाही, कोणाचे मत नाही. तास बदलतो, आकडा थोडा वर-खाली होतो, दिवस संपतो, पान उलटते. शुक्रवार, 2 सप्टेंबरला मात्र ही चाल मोडते. तासातासाने होणाऱ्या नोंदी एकाएकी दाट होतात. आधी पंधरा-पंधरा मिनिटांनी, मग पाच-पाच मिनिटांनी. आणि पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक सकाळच्या दोन तासांत असा कोसळतो, की आजवर नोंदल्या गेलेल्या चुंबकीय वादळांत हे वादळ बहुतेक अभ्यासक सर्वांत मोठे मानतात.

या खंडाशेजारी त्या दिवसांतले आणखी तीन-चार कागद मांडले, तर एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतची हकिकत जवळजवळ मिनिटांच्या हिशेबाने जुळवता येते. जुळवताना पथ्य एकच पाळायचे: प्रत्येक कागद काय सांगतो आणि कुठे थांबतो, हे दोन्ही नीट पाहायचे.

सुरुवात मुंबईतल्या कुलाब्यापासूनच करू. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये इथे वेधशाळा उभारली ती खगोलीय वेधांसाठी आणि अचूक वेळेसाठी. बंदरात येणाऱ्या जहाजांना आपली घड्याळे लावून घेता यावीत, ही त्यामागची रोकडी गरज होती. चुंबकीय वेध 1841 मध्ये सुरू झाले. युरोपात हम्बोल्ट आणि गाउस यांनी पृथ्वीचे चुंबकत्व एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजण्याचा धडा घालून दिला होता. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने तो उचलून धरला, कारण होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे कळणे दर्यावर्दी साम्राज्याला अगत्याचे होते. कंपनीच्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी आली. या जगभरच्या वेधांसाठी जर्मनीतल्या गॉटिंगेन शहराची वेळ प्रमाण धरली जाई. ही बाब लहान वाटली तरी लक्षात ठेवायला हवी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सुरुवातीच्या काळात वेधशाळेची सूत्रे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे होती. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ तिचा कारभार पाहिला. पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, 1840 मध्ये सोळा-सतरा वर्षांचे असताना इथे कामाला लागले आणि सुमारे दहा वर्षे रमले. 1859 येईपर्यंत हे दोघेही इथे नव्हते. जांभेकर तर 1846 मध्येच वारले होते. वेधशाळा तेव्हा इंडियन नेव्हीच्या लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली होती. पण दिवसरात्र पाळीने बसून आकडे टिपण्याची शिस्त या आधीच्या पिढीत रुजली होती, आणि 1846 पासून तासातासाच्या नोंदींची साखळी अखंड चालू होती.

ती नोंद कशी होई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. उपकरणे डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी घडवलेली. क्षितिजसमांतर बलासाठी एक चुंबक दोन बारीक सूत्रांनी टांगलेला असे. मोकळा सोडला तर तो उत्तर-दक्षिण राहील. पण सूत्रांना वरून पीळ देऊन त्याला पूर्व-पश्चिम असा आडवा धरलेला असे. सूत्रांचा पीळ त्याला एका बाजूला ओढतो, पृथ्वीचे चुंबकत्व दुसऱ्या बाजूला. दोन्ही ओढींचा तोल जिथे साधतो तिथे चुंबक स्थिर होतो. पृथ्वीचे बल किंचित घटले की पीळ वरचढ होतो आणि चुंबक केसभर वळतो. हे वळणे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. निरीक्षकाने अंतरावरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, मापपट्टीवरचा आकडा वाचायचा, थर्मामीटर पाहायचा (कारण उष्म्याने चुंबक क्षीण होतो), वेळ लिहायची. तासाने पुन्हा तेच. एरवी हा आकडा दिवसभरात अगदी थोडा हलतो. पण सुई अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न पाहता मधल्या नोंदी सुरू करायच्या, असा शिरस्ता होता. 2 सप्टेंबरच्या पानावर दाटी झाली ती या शिरस्त्यामुळे.

आता दुसरा कागद. तो मुंबईपासून हजारो कोस दूर, इंग्लंडमध्ये लिहिला गेला. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल गावी रिचर्ड कॅरिंग्टन यांची खासगी वेधशाळा होती आणि सूर्यावरच्या डागांची रोज चित्रे काढण्याचे व्रत त्यांनी वर्षानुवर्षे चालवले होते. सूर्याची सुमारे अकरा इंच व्यासाची प्रतिमा ते फिकट गवती रंगाचा लेप दिलेल्या काचेवर पाडत. गुरुवार, 1 सप्टेंबर 1859 रोजी सकाळी 11 वाजून 18 मिनिटांनी, एका मोठ्या डागसमूहाचे चित्र काढत असताना, त्यांना डागांवर दोन लखलखीत ठिपके दिसले. आधी वाटले, पडद्याला भोक पडून बाहेरचा उजेड आत शिरला असावा. प्रतिमा हलवून पाहिली. ठिपके सूर्याबरोबरच हलले. त्यांनी क्रोनोमीटरवर वेळ टिपली आणि साक्षीला कोणी मिळते का हे पाहायला ते धावले. मिनिटाच्या आत परतले तेव्हा ठिपके मंदावले होते. पाच मिनिटांत सारे संपले. तेवढ्यात ते ठिपके सूर्यपृष्ठावर सुमारे 35 हजार मैल सरकले होते.

एकट्याने पाहिलेल्या गोष्टीला इतिहासात वजन कमी. पण त्याच वेळी लंडनच्या उत्तरेला हायगेट इथे रिचर्ड हॉजसन हेही आपल्या दुर्बिणीतून सूर्य पाहत होते आणि त्यांनाही तो प्रखर प्रकाश दिसला. नोव्हेंबरात रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे दोघांची निवेदने आली. कॅरिंग्टन यांनी आपल्या निवेदनात एक खुलासा केला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो: दोन्ही हकिकती परस्परांपासून स्वतंत्र राहाव्यात, म्हणून हॉजसन यांच्याशी माहितीची देवाणघेवाण त्यांनी मुद्दाम टाळली होती. साधनांची चिकित्सा करणाऱ्याला आणखी काय हवे? साक्षीदाराने स्वतःच आपली साक्ष निर्मळ ठेवली.

तिसरा कागद तर शब्दशः कागदच आहे. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकाच्या हालचालींची नोंद माणूस करत नसे. चुंबकावरून परतलेला प्रकाशाचा किरण फिरत्या फोटोग्राफिक कागदावर रेघ उमटवत असे. काही दिवसांनी कॅरिंग्टन तिथे गेले आणि 1 तारखेचा कागद त्यांनी पाहिला. सूर्यावर लखलखाट झाला त्याच वेळी रेघेला छोटासा, पण स्पष्ट हिसका बसला होता. पुढे मध्यरात्रीनंतर साधारण चार तासांनी, म्हणजे 2 तारखेच्या पहाटे, महावादळ सुरू झाले होते. कॅरिंग्टन यांनी या दोन घटना शेजारी ठेवल्या, पण एकीमुळे दुसरी घडली असे म्हणण्याचे त्यांनी टाळले. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, असेच त्यांनी बजावले. क्यूच्या कागदाची मर्यादाही इथेच दिसते. वादळ भरात आले तेव्हा किरण कागदाच्या कडेबाहेर गेला आणि रेघ तुटली. शिखर किती उंच होते, हे तो कागद सांगू शकत नाही.

चौथा पुरावा तारयंत्रांचा. त्या दिवसांत अमेरिका आणि युरोपमधल्या तारमार्गांवर आपोआप वीज खेळू लागली. बोस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपसूक आलेल्या प्रवाहावरच सुमारे दोन तास संदेश पाठवले. एरवी ध्रुवाकडच्या प्रदेशांत दिसणारा ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेत एलायस लूमिस यांनी अशा हकिकती चिकाटीने गोळा करून छापल्या, आणि 1861 मध्ये बाल्फर स्ट्युअर्ट यांनी क्यूच्या नोंदींवर सविस्तर निबंध लिहिला. वादळ किती दूरवर पोचले हे या साऱ्यातून कळते. किती जोराचे होते, हे मात्र कळत नाही.

ते सांगतो कुलाब्याचा खंड. मुंबईची तेव्हाची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती. त्या हिशेबाने कॅरिंग्टन यांनी लखलखाट पाहिला तेव्हा मुंबईत गुरुवारी दुपारचे चार वाजून गेले होते. भाद्रपदाचा शुक्ल पक्ष होता, गणपतीचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास वादळाची चाहूल लागली. क्षितिजसमांतर बल आधी थोडे वाढले, सुमारे 120 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक). मग ते घसरू लागले. ग्रिनिचच्या 6.20 ते 6.25 या वेळेत, म्हणजे मुंबईत सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, घसरण तळाला पोचली. ती होती सुमारे सोळाशे नॅनोटेस्ला. हे वेध पुढे जिथे हलवले गेले, त्या अलिबागला हे बल आज 38 हजारांच्या आसपास आहे. त्यावरून पाहता सुमारे चार टक्के बल दोन तासांत नाहीसे झाले. शहराला पत्ताही नव्हता. भर दिवस असल्याने आकाशात दिसण्याजोगे काही नव्हते. फक्त एक माणूस दुर्बिणीला डोळा लावून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होता.

क्यूला जे निसटले ते कुलाब्याला का सापडले? एक कारण भूगोलाचे. मुंबई ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यापासून दूर, कमी अक्षांशावर आहे. त्यामुळे त्या पट्ट्यातल्या प्रवाहांच्या गोंधळाखाली मुख्य वादळाची खूण सहसा दबून जात नाही. दुसरे कारण माणसाचे. किरण कागदाबाहेर गेला की यंत्र मुके होते, माणूस मात्र आकडा वाचतच राहतो.

इतके असूनही हा खंड वापरात यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. याचे एक कारण असे, की सूर्य इथल्या सुईला हलवू शकतो हेच अनेक थोरांना पटत नव्हते. एडवर्ड सबाइन यांनी 1852 मध्येच दाखवले होते, की सौरडागांची संख्या आणि चुंबकीय वादळे बरोबरीने वाढतात आणि घटतात. पण 1892 मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना लॉर्ड केल्व्हिन यांनी 1885 च्या एका वादळाचा हिशेब मांडला. आठ तासांचे ते वादळ सूर्याने घडवले असेल, तर एरवी चार महिन्यांत सूर्य जेवढी उष्णता आणि प्रकाश देतो तेवढी शक्ती त्याला त्या आठ तासांत खर्चावी लागली असती. म्हणून हा संबंध त्यांनी नाकारला. त्यांच्या गणितात खोट नव्हती, गृहीतकात होती. सूर्य हा मोठा लोहचुंबक आहे आणि त्याचा प्रभाव सर्व दिशांना सारखा पसरतो, असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात सूर्य विद्युतभारित वायूचा लोट एका बाजूला फेकतो, आणि तो लोट आपले चुंबकक्षेत्र बरोबर घेऊनच येतो. ग्रिनिच वेधशाळेतल्या मॉन्डर यांनी 1904 मध्ये दाखवले, की बरीच वादळे साधारण 27 दिवसांनी, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या एका फेऱ्याने, परत येतात. सूर्यावरच्या ठरावीक जागेतून अरुंद झोत निघत असतील, तरच असे घडू शकते.

आज त्या दोन दिवसांचा अर्थ असा लावता येतो. कॅरिंग्टन यांनी पाहिलेल्या लखलखाटातून, म्हणजे सौरज्वालेतून, निघालेले क्ष-किरण आणि अतिनील किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचले. त्यांनी वरच्या वातावरणात विद्युतप्रवाह वाढवले. क्यूच्या कागदावरचा छोटा हिसका तो हाच. ज्वालेबरोबर सुटलेला सौरद्रव्याचा लोट मागून आला. पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर त्याने सुमारे सतरा तासांत कापले, म्हणजे सेकंदाला सरासरी 2400 किलोमीटर वेगाने. त्याच्या धक्क्याने पृथ्वीचे चुंबकीय कवच दबले. कुलाब्याचा आकडा आधी वाढला तो त्यामुळे. लोटातल्या चुंबकक्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली, की ते पृथ्वीच्या उत्तरमुख क्षेत्राशी जोडले जाते आणि कवचाची दारे उघडतात. आत शिरलेली ऊर्जा भारित कणांना विषुववृत्ताभोवती, जमिनीपासून हजारो किलोमीटर उंचीवर फिरवू लागते. हा वलयप्रवाह पश्चिमेकडे वाहतो आणि जमिनीवरच्या क्षेत्राच्या विरुद्ध क्षेत्र निर्माण करतो. म्हणून क्षितिजसमांतर बल घटते.

कुलाब्याच्या नोंदी या प्रकाशात वाचल्या गेल्या त्या 2003 मध्ये. अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्सालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्या आकड्यांवरून वादळाची तीव्रता काढली: उणे 1760 नॅनोटेस्ला. तुलनेसाठी सांगायचे तर मार्च 1989 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणारे वादळ उणे 589 चे होते. 1760 या आकड्यावर लगेच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. अशी तीव्रता हल्ली तासाच्या सरासरीने मोजतात, कुलाब्याची खोल घसरण क्षणिक होती; सरासरी घेतल्यास उणे 850 च्या आसपास आकडा येतो, असे 2006 मध्ये दाखवले गेले. एवढ्या वेगाने पडून तेवढ्याच वेगाने सावरलेली घसरण सारी वलयप्रवाहाची नसावी, डोक्यावरच्या आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, प्रवाहांचाही तिला हातभार असावा, असेही काहींनी मांडले.

मग 2022 मध्ये जपानचे हिसाशी हायाकावा आणि त्यांचे सहकारी मूळ वार्षिक खंडाकडे वळले. आधीच्या अभ्यासांचा भर क्षितिजसमांतर बलावर होता. त्यांनी सुईची दिशा आणि उभे बल यांच्याही नोंदी वाचून तिन्ही अंगांचे आलेख उभे केले. लोटाच्या प्रवासाचा काळ 17.1 तास किंवा त्याहून कमी ठरला, तासाच्या सरासरीची तीव्रता उणे 918 ते उणे 979 च्या दरम्यान आली. आणि एक विसंगती समोर आली. त्याच खंडात, तळाच्या त्याच सुमाराला, तासावारीच्या रकान्यावरून घसरण 1691 नॅनोटेस्ला निघते, तर मधल्या नोंदींवरून 1263.

ग्रिनिचचे 6.20 म्हणजे गॉटिंगेनच्या घड्याळात बरोबर सात. तासाची नोंद घेण्याची वेळ नेमकी तेव्हाच भरत होती. सुई सैरभैर असताना काही मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे इतके दूर पडू शकतात, किंवा एक वाचण्यात चूक झाली असेल. यातला कुठलाही निर्णय केवळ सोयीसाठी घेणे बरोबर नव्हे. प्रामाणिक पुनर्रचना दोन्ही आकडे ठेवते, आणि म्हणूनच तीव्रतेचा एक आकडा न देता तीन शक्यता देते.

ही साखळी पुढेही तुटू दिली गेली नाही, हे कुलाब्याचे दुसरे ऋण. 1872 मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्या काळात इथे फोटोग्राफिक उपकरणे आली. त्याच वर्षी 4 फेब्रुवारीच्या महावादळात मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे आणि एडनच्या समुद्री तारेत बिघाड झाल्याचे वृत्त वर्तमानपत्रात छापून आले. विसाव्या शतकाच्या तोंडावर विजेच्या ट्रामचा बेत ठरला, तेव्हा पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले, की ट्रामचे प्रवाह सुईला खरे बोलू देणार नाहीत. त्यांनी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागला, लोखंडाचा अंशही नसलेली इमारत उभी केली. नुसते स्थलांतर केले असते तर जुने आणि नवे आकडे जोडताच आले नसते. म्हणून 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे वेध घेतले. ट्राम 1907 मध्ये धावली. 1846 ते 1905 चे वेध मूस यांनी 1910 मध्ये दोन खंडांत विवेचनासह प्रसिद्ध केले. अलिबागची नोंद आजही चालू आहे.

पुढे कॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या वादळासारखे वादळ आज आले तर वीजजाळी, उपग्रह आणि दळणवळण यांचे काय होईल, याचा अंदाज बांधणारे जगभरचे अभ्यासक त्या सकाळच्या या पानाकडे वळतात. ते लिहिणाऱ्याला सौरज्वाला ठाऊक नव्हती, वलयप्रवाह ठाऊक नव्हता. समोरचा आकडा त्याने आदल्या दिवसापर्यंत पाहिलेल्या साऱ्या आकड्यांना खोटे ठरवत होता. उपकरण बिघडले असेल म्हणून तो उठून जाऊ शकला असता, किंवा न पटणारा आकडा शेजारच्या आकड्याशी जुळवून घेऊ शकला असता. खंड छापणाऱ्यांनाही ते सहज जमले असते. पण 1691 आणि 1263 सांगणाऱ्या दोन्ही नोंदी एकाच वर्षाच्या खंडात, न खोडता, न जुळवता राहिल्या. त्यांच्यातली ती न मिटवलेली फटच मला या कागदाच्या खरेपणाची सर्वांत मोठी खूण वाटते.